आईचा गुडघा, ईसीएचएसचं रेफरल आणि मधले सगळे कागद

आण्णा २०२४ च्या जानेवारीत गेले. मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९९ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले, मग भांडुपला राहून एका बँकेत सिक्युरिटीची नोकरी केली. घरातला प्रत्येक सरकारी कागद त्यांच्या हातचा. आईला फक्त सही कुठे करायची ते ठाऊक. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, ती त्यांच्याबरोबर जायची, बाकावर बसायची, नंबर लागला की आत जायची आणि गोळ्यांची पिशवी घेऊन यायची. त्या पिशवीमागे काय काय चालतं हे आम्हा भावंडांना माहीतच नव्हतं. भाऊ पुण्यात, मी डोंबिवलीत. शिवाय मुलीचं लग्न झालं की ती या योजनेच्या यादीतून बाहेर, त्यामुळे माझा आणि त्या कार्डाचा संबंध कधीचाच संपला होता.

पुढच्या सव्वा वर्षात आईचं कार्ड नव्याने झालं, मध्येच एका रात्री तिला आयसीयूत ठेवावं लागलं आणि शेवटी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन खासगी हॉस्पिटलात कॅशलेस झालं. पॉलिक्लिनिकच्या बाकावर माझ्यासारख्याच फायली मांडीवर घेऊन बसलेल्या मुली, सुना, जावई खूप दिसले. विचारायचे तेच प्रश्न, आणि सांगणाऱ्याला घाई. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली. त्याआधी पेन्शनीवर आलेल्या फौजीला आणि त्याच्या घरच्यांना आधार होता तो मिलिटरी हॉस्पिटलचा. मुंबईत म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी. भांडुपहून म्हातारं माणूस घेऊन आरसी चर्चपर्यंत जायचं म्हणजे दिवस तिकडेच. ईसीएचएसमध्ये एकदाच वर्गणी भरायची, की नवरा-बायको दोघांना आयुष्यभर पॉलिक्लिनिक, औषधं आणि पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, खासगी हॉस्पिटलांत कॅशलेस उपचार मिळतात. आण्णांनी तेव्हा १,८०० रुपये भरले होते. आता हवालदार हुद्द्यापर्यंत ३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि ऑफिसरांना १,२०,००० रुपये आहेत. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे.

आण्णांची हिरवी प्लॅस्टिकची फाइल कपाटाच्या वरच्या खणात होती. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि त्या १,८०० रुपयांच्या एमआरओची (वर्गणी भरल्याच्या चलनाची) कार्बन कॉपी. कॉपीवरची शाई फिकट जांभळी झालेली, आणि कोपऱ्यात आण्णांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: 'मूळ प्रत. कोणालाही देऊ नये.' त्या एका ओळीने माझं पुढे खूप काम केलं, कारण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रयत्न मूळ प्रत ठेवून घेण्याचाच होतो. मूळ दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत.

दिवसकार्य उरकल्यावर खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका वर आले. ते सिग्नल्समधून निवृत्त. आईला म्हणाले, "वहिनी, आधी पेन्शन, मग कार्ड. उलटं करायला जाऊ नका, होणार नाही." आणि मला जिन्यात गाठून वेगळं सांगितलं, "पोरी, आण्णाचं सिम बंद करू नको." हे दुसरं वाक्य सोन्याचं निघालं. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर, ईसीएचएसमध्ये, बँकेत, सगळीकडे मोबाइल नंबर आण्णांचा. प्रत्येक ओटीपी त्यांच्याच फोनवर. आम्ही तो नंबर रिचार्ज करत राहिलो आणि आईचा नंबर सगळीकडे लागल्यावरच सोडला.

फॅमिली पेन्शनचं फार लांबवत नाही. एस वॉर्डातून मृत्यूचा दाखला काढला, स्पर्शवर मृत्यूची नोंद केली, आईचं बँक खातं, आधार, पॅन जोडलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फॉर्म भरायला मदत मिळते, फुकट मिळते, आणि तिथे बसलेली माणसं स्वतः फौजी असल्याने अर्ध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. बाहेर 'पेन्शनचं काम करून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांची गरज नाही.

अडलं ते नावावर. आण्णांच्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव शेवटी 'बाई' लावून, आधारवर 'बाई' नाही. जन्मतारीख एका ठिकाणी नुसतं साल, दुसरीकडे १ जून. ज्यांची लग्नं सत्तरच्या दशकात गावाकडे झाली त्यांच्या घरी हे निघणारच. लग्नाची नोंद युनिटमध्ये करताना सरपंचाच्या दाखल्यावर जे लिहून आलं ते रेकॉर्डला चढलं. आण्णा हयात असताना कोणी अडवलं नाही, कारण मुख्य नाव त्यांचं होतं. आता मुख्य नाव आईचं होणार, म्हणून अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. काय काय लागेल ते त्यांनी एका कागदावर व्यवस्थित लिहून कळवलं: प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत नाव एकच असल्याची जाहिरात, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, आधार-पॅनच्या साक्षांकित प्रती. जाहिरातींना दोन्ही मिळून दीड-पावणेदोन हजार गेले. मराठी पेपरातली जाहिरात आईने दोनदा वाचली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांनी पेपरात नाव आलं, ते पण 'बाई' काढायला." या सगळ्यात पावसाळा संपला. तुमच्या घरी फौजी वडील अजून आहेत ना? मग आजच डिस्चार्ज बुक काढा आणि आईचं नाव, जन्मतारीख आधारशी ताडून बघा. चूक असेल तर ते स्वतः हयात असताना दुरुस्ती करणं कितीतरी सोपं असतं.

ऑक्टोबरमध्ये ६४ केबी कार्डाचा, म्हणजे ईसीएचएसच्या स्मार्ट कार्डाचा, ऑनलाइन अर्ज भरला. फोटो, रक्तगट, नवा पीपीओ, डिस्चार्ज बुकाची पानं, मृत्यूचा दाखला, आधार, पॅन. फायलींच्या आकाराला मर्यादा असते, त्यामुळे मोबाइलवरून काढलेले फोटो जसेच्या तसे चढत नाहीत. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळं स्कॅन करून लहान करून घेतलं, शंभर रुपयांत काम झालं. आण्णांचं जुनं कार्ड पॉलिक्लिनिकला जमा करायचं असतं. काउंटरवरच्या दादांनी विचारलं, "ताई, फादरचं कार्ड सरेंडर केलं का?" मी पर्समधून काढून दिलं. त्यांनी रजिस्टरात नोंद करून पोच दिली. तेवढ्या एका मिनिटात आई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

अर्ज स्वीकारला गेला की एक टेम्पररी स्लिप निघते. कार्ड छापून पॉलिक्लिनिकला येईपर्यंत तीच कार्ड. तिची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करा आणि फोनमध्येही ठेवा. आम्हाला ती महिन्याच्या आतच लागली.

नोव्हेंबरमधली शनिवारची रात्र. आईला छातीत दाब आणि घाम. मी डोंबिवलीत, भाऊ पुण्यात, घरी फक्त भाची. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दहा मिनिटांवरच्या नर्सिंग होमला नेलं. ते पॅनलवर नव्हतं. फोनवर मी शेजाऱ्यांना म्हटलं, जवळ जे आहे तिथे न्या, बाकी बघू. इमर्जन्सीत कुठल्याही हॉस्पिटलात जाता येतं एवढं सुभेदारकाकांकडून ऐकलेलं होतं आणि ते खरं आहे. पॅनलवरचं हॉस्पिटल असेल तर रेफरलशिवाय, म्हणजे पॉलिक्लिनिकने पुढे पाठवल्याच्या चिठ्ठीशिवाय, भरती करून ते स्वतःच ईसीएचएसला ऑनलाइन कळवतात आणि पैसे मागत नाहीत. पॅनलबाहेरचं असेल तर पैसे आपण भरायचे, आणि भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. नंतर परतावा मागायचा, तो सीजीएचएसच्या दरांनी मिळतो. सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची योजना, तिचेच दर ईसीएचएसला लागू आहेत.

रविवारी पॉलिक्लिनिक बंद. मी सकाळीच त्यांच्या अधिकृत ईमेलवर कळवलं: नाव, कार्ड नंबर, हॉस्पिटलचं नाव-पत्ता, भरतीची वेळ, काय झालंय, आणि सोबत भरतीच्या कागदाचा फोटो. सोमवारी दार उघडताच भाऊ प्रत्यक्ष जाऊन तोच मजकूर लेखी देऊन पोच घेऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट हलवण्यासारखी असेल तर पॅनलवर का हलवत नाही? रास्त प्रश्न होता. पण तोपर्यंत ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट ठीक आले होते आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. हार्ट अटॅक नव्हता. बिल ४६,००० च्या घरात गेलं.

घरी येण्याआधी एक कागद नर्सिंग होमकडून मागून घ्या: पेशंट कोणत्या अवस्थेत आली आणि ताबडतोब भरती का करावी लागली, हे सांगणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. डिस्चार्ज झाल्यावर हाच कागद मागायला गेलं की डॉक्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतात, रजेवर असतात, शिक्का दुसऱ्याकडे असतो. बिल तपशीलवार हवं, औषधांच्या पावत्या मूळ हव्यात, प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट हवा. सगळ्याचा एक संच झेरॉक्स करून ठेवला आणि मूळ फाइल कॅन्सल्ड चेकसह पॉलिक्लिनिकला दिली. ती पुढे काय झाली ते शेवटी सांगते.

कार्ड वर्षअखेरीला आलं. आता गुडघा.

आई ६७ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. जिना उतरताना ती कठडा धरून आडवी उतरायची. फेब्रुवारीत पॉलिक्लिनिकला घेऊन गेले. सकाळी आठच्या आधी पोचलं तर काम दुपारपर्यंत होतं, हा माझा अनुभव. अपॉइंटमेंट ऑनलाइनही घेता येते, पण रांग पाहून धीर सुटू नये म्हणून आम्ही लवकरच जायचो. बाकांवर सगळी फौज बसलेली. कोणी नेव्हीतून, कोणी एएससीतून, बहुतेकांच्या हातात आण्णांसारखीच प्लॅस्टिकची फाइल. नव्याने येणाऱ्याला आपसूक 'रामराम' किंवा 'जय हिंद' होतो आणि युनिट विचारलं जातं. आईला एका आजोबांनी विचारलं, "कुठली पलटण?" तिने न अडखळता पलटणीचा नंबर सांगितला. मला तो माहीत नव्हता.

आत एमओ (मेडिकल ऑफिसर) मॅडम. "आई, किती दिवसांपासून दुखतंय?" आई म्हणाली, "दिवस कसले मॅडम, वर्षं मोजा." एक्स-रे पाहून त्यांनी विचारलं, "ऑर्थोचं रेफरल देते. कुठलं हॉस्पिटल?" हा प्रश्न अचानक येतो आणि मागे रांग असते, तेव्हा उत्तर घरून ठरवून जा. पॅनलवरच्या हॉस्पिटलांची यादी ईसीएचएसच्या संकेतस्थळावर शहरानुसार असते. पण नुसतं नाव बघून भागत नाही, कारण हॉस्पिटल ठरावीक विभागांसाठीच पॅनलवर असतं. डोळ्यांसाठी असेल आणि सांधे बदलण्यासाठी नसेल, असं होतं. मी आधी तीन-चार ठिकाणी फोन करून थेट 'ईसीएचएस डेस्क' मागितला आणि विचारलं: जॉइंट रिप्लेसमेंटसाठी पॅनलवर आहात ना, कोणते सर्जन कोणत्या वारी ईसीएचएसचे पेशंट बघतात, जनरल वॉर्डात बेड मिळायला किती थांबावं लागतं. ज्यांनी या तिन्हीची सरळ उत्तरं दिली ते हॉस्पिटल निवडलं. मॅडमनी अश्विनीचाही पर्याय ठेवला होता. आम्ही घराजवळचं घेतलं, कारण ऑपरेशननंतर ड्रेसिंगला आणि टाके काढायला परत परत जायचं होतं आणि रोजची धावपळ भाचीच्या गळ्यात पडणार होती.

पहिलं रेफरल फक्त तज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी असतं. बरेच जण इथेच गोंधळतात. खासगी हॉस्पिटलच्या सर्जननी 'ऑपरेशन करा' लिहून दिलं म्हणून लगेच भरती होत नाही. तो कागद घेऊन पुन्हा पॉलिक्लिनिकला यायचं, आणि भरतीचं, त्या विशिष्ट ऑपरेशनचं दुसरं रेफरल घ्यायचं. आईचं नोव्हेंबरचं प्रकरण असल्यामुळे सर्जननी हृदयाच्या डॉक्टरांकडून फिटनेस आणि टूडी इको मागितला होता. तोही रेफरलमध्ये लिहून यायला हवा, नाहीतर डेस्कवर 'हे तुमच्या रेफरलमध्ये नाही' म्हणतात आणि ते बरोबरच असतं. तेव्हा खासगी डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडण्याआधी एकच विचारायचं: ऑपरेशनआधी अजून कुठल्या तपासण्या, कुठल्या डॉक्टरांची मतं लागतील? सगळं एका कागदावर लिहून घ्या म्हणजे पॉलिक्लिनिकची खेप वाचते.

दुसरं रेफरल हातात आल्यावर आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो. भाऊ कागद वाचत होता. एकदम म्हणाला, "अगं, यात डावा गुडघा लिहिलाय." सर्जनच्या चिठ्ठीवर उजवा, छापील रेफरलवर डावा. अर्धा चहा तसाच टाकून आत गेलो. मॅडम वैतागल्या, पण आमच्यावर नाही. जुनं रद्द करून नवं काढायला वेळ लागला, कारण ते सिस्टिममधूनच निघतं, पेनने खोडून चालत नाही. रेफरलवर नाव, कार्ड नंबर, हॉस्पिटल, बाजू आणि वैधतेची तारीख, हे गेटच्या आतच उभं राहून वाचा. तारखेचं विशेष, कारण बेडसाठी थांबावं लागलं आणि तारीख उलटली तर परत रेफरल.

मग हॉस्पिटलचा ईसीएचएस डेस्क. चकचकीत लॉबी, कॉफीचं दुकान, आणि आपला डेस्क बेसमेंटमध्ये बिलिंगच्या मागे. मुलगी बोलायला चांगली. फाइल बघून म्हणाली, "मॅम, ईसीएचएसमध्ये बेसिक इम्प्लांट बसतं. इम्पोर्टेड हवं तर सत्तर हजार डिफरन्स भरावा लागेल. आणि पंचवीस हजार डिपॉझिट, रिफंडेबल." पुढ्यात एक फॉर्म सरकवला, सही करा म्हणून. आई लगेच माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत 'चांगलंच बसवू दे की' असं होतं.

मला दोन गोष्टी आधीच माहीत होत्या. एक, पॅनलवरच्या हॉस्पिटलने रेफरल घेऊन आलेल्या पेशंटकडून डिपॉझिट मागायचं नसतं, करारातच तसं आहे. दोन, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्येच कमाल मर्यादा घातली आहे, आणि ईसीएचएसमध्ये पॅकेजव्यतिरिक्त इम्प्लांटचे पैसे ठरलेल्या मर्यादेत हॉस्पिटलला मिळतात. मी शांतपणे म्हटलं, "दोन्ही रकमा कशासाठी ते हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून द्या. मी पॉलिक्लिनिकच्या ओआयसी साहेबांना दाखवते आणि मग भरते." ओआयसी म्हणजे पॉलिक्लिनिकचे प्रमुख अधिकारी. डेस्कवरची मुलगी आत गेली. बऱ्याच वेळाने एक मॅनेजर आले, म्हणाले, "मॅडम, नवीन स्टाफ आहे, गैरसमज झाला." फॉर्म परत घेतला. सर्जनना नंतर मी एकटीने विचारलं की नेहमीचं इम्प्लांट आणि ते दुसरं यात आईच्या वयाला काय फरक पडेल. ते म्हणाले, "आईंसाठी काही नाही. वजन कमी करा, व्यायाम करा, त्याने फरक पडेल."

हॉस्पिटलांची तक्रार मी नंतर वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली आहे. ईसीएचएसची बिलं तपासून पैसे यायला उशीर होतो आणि सीजीएचएसचे दर बाजारभावापेक्षा कमी आहेत. त्यांची अडचण मला कळते. पण ती आईच्या सहीने सुटणारी नाही. असं कोणी मागितलं तर भांडत बसू नका, लेखी मागा. तेवढ्यानेही नाही जमलं तर ओआयसींना फोन करा, नाहीतर १८००-११४-११५ ही ईसीएचएसची टोल फ्री हेल्पलाइन आहे.

मार्चच्या मध्यावर ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. दुसऱ्या दिवशी फिजिओने उभं केलं तेव्हा आई ओरडली आणि तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत गेली. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला जनरल वॉर्ड, जेसीओंना सेमी प्रायव्हेट, ऑफिसरांना प्रायव्हेट अशी विभागणी आहे. भावाला जनरल वॉर्डचं वाईट वाटत होतं. आईची मात्र शेजारच्या खाटेवरच्या रत्नागिरीच्या वहिनींशी गट्टी जमली. त्यांचे यजमान नेव्हीतले. दोघींनी मिळून वॉर्डातल्या जेवणाला इतकी नावं ठेवली की सिस्टरही हसायला लागल्या.

डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिलावर पेशंटची सही घेतात. कॅशलेस असलं तरी प्रत्येक पान वाचा. आमच्या बिलात फिजिओचे एक-दोन वेळ जास्त लागले होते, सांगितल्यावर काढले. पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, ओटी, औषधं, जेवण धरलेलं असतं, पण डायपर, टिश्यू, नातेवाइकांचं जेवण असल्या गोष्टी आपल्याच. आम्ही खिशातून भरले ते साधारण दोन हजार. डिस्चार्ज समरी, इम्प्लांटचे स्टिकर आणि बिलाची प्रत मागून घेतली. इम्प्लांटचा स्टिकर जपून ठेवा, पुढे कधी काही झालं तर डॉक्टर पहिला तोच मागतात.

खरा खर्च घरी आल्यावर झाला. वॉकर १,४००, कमोडची खुर्ची २,२००, घरी येणारे फिजिओ दर वेळचे ६००, पहिल्या आठवड्यात रात्रीसाठी बाई ठेवली तिचे रोजचे ९००. घरी येऊन करायच्या फिजिओचा परतावा नाही. आमच्या पॉलिक्लिनिकला फिजिओथेरपिस्ट आहेत, पण टाके ओले असताना रिक्षातून धक्के खात नेण्यापेक्षा पहिले काही दिवस घरीच बरे. नंतर तिकडे नेलं. औषधांपैकी काही पॉलिक्लिनिकला नव्हती, तेव्हा चिठ्ठीवर 'एनए' (उपलब्ध नाही) असा शेरा करून घ्यावा लागतो. तो नसेल तर बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे मागता येत नाहीत. रक्तदाबाच्या गोळीचं एकदा विचारायचं होतं तेव्हा सेहत ओपीडी या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोललो, घरबसल्या झालं. ही सेवा २०२१ पासून आहे आणि तिच्याबद्दल पॉलिक्लिनिकच्या बाकावर फार कमी जणांना माहीत होतं.

आणि ती नोव्हेंबरची फाइल. मध्ये एकदा शंका निघून परत आली: आयसीयूच्या दिवसांचं चार्टिंग जोडलेलं नव्हतं. नर्सिंग होममधून ते मिळवून दिलं. आपल्याकडे झेरॉक्सचा संच असल्याने काय कमी आहे ते लगेच कळलं. पैसे जूनमध्ये आईच्या खात्यात आले, २७,००० च्या आसपास. बाकीचे सीजीएचएसच्या दरांत बसत नव्हते. कापलेल्या रकमेचा तपशील मागितला तर मिळतो. त्यात हातमोजे, सिरिंज, 'मॉनिटरिंग चार्जेस' असली बारीक कलमं होती आणि आयसीयूचा दर निम्म्याहून कमी धरलेला. एवढं जाईल हे आधी कळतं तर मनस्ताप वाचला असता, म्हणून इथे आकडे दिले. तरी पॅनलवरच्या लांबच्या हॉस्पिटलापर्यंत त्या रात्री आईला रिक्षात फिरवली असती का? नाही.

आता आई जिना सरळ उतरते, उजवा पाय आधी टाकून. डाव्याचा विषय तिने गणपतीत स्वतःच काढला, रत्नागिरीच्या वहिनींचे दोन्ही झाले म्हणून. दिवाळी झाली की पॉलिक्लिनिकची अपॉइंटमेंट घ्यायची आहे. या वेळी मोबाइल नंबर तिचा आहे, ओटीपी तिच्याच फोनवर येतो, आणि तो वाचून दाखवायला तिला मी लागत नाही. सुभेदारकाकूंच्या कार्डाचं बघायला तीच त्यांच्याबरोबर जाऊन आली.